स्पिटफायरच्या गोळ्या पंधरा सेकंदांत संपत

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

१९४० सालच्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईसंबंधी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. महायुद्धावरचं मराठी लेखन बहुधा चर्चिल, हिटलर आणि नकाशावरचे बाण यांच्यातच फिरत राहतं. वैमानिकांना अख्खं पान दिलंत, याबद्दल आभार. मात्र लेखातला वैमानिक गळ्यात रेशमी रुमाल बांधतो, ढगांत अर्धा-अर्धा तास द्वंद्व खेळतो आणि संध्याकाळी बिअर प्यायला परत येतो. बिअर खरी आहे. बाकीच्या चित्राबद्दल लिहायला हवं. कारण त्या पोरांनी काय भोगलं हे कळायचं तर विमानाच्या टाक्या, नळ्या आणि कार्ब्युरेटर बघावे लागतात, आणि लेखात नेमकं तेच नाही.

आधी द्वंद्वाचंच घेऊ. स्पिटफायर मार्क १ आणि हरिकेन या ब्रिटनच्या दोन्ही लढाऊ विमानांच्या पंखांत आठ-आठ ब्राउनिंग मशिनगन असत. गोळी .३०३ ची, म्हणजे आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेल्या थ्री-नॉट-थ्री रायफलीचीच. स्पिटफायरमध्ये दर मशिनगनमागे ३०० गोळ्या भरत. मशिनगनचा वेग मिनिटाला साधारण ११५० गोळ्यांचा. भागाकार केला की साडेपंधरा सेकंद येतात. हरिकेनमध्ये गोळ्या थोड्या जास्त, म्हणून आणखी दीड-दोन सेकंद. पूर्ण उड्डाणासाठी भांडवल एवढंच. म्हणून बटण एका वेळी दोन-तीन सेकंदच दाबायचं. तीन सेकंदांत आठही मशिनगन मिळून सुमारे पाच किलो धातू फेकत. समोरच्या जर्मन मेसरश्मिट १०९ च्या पंखांतल्या दोन २० मिलिमीटर तोफांना प्रत्येकी ६० गोळे असत, ते सातेक सेकंदांत संपत. पण त्यातला एकेक गोळा लागल्यावर फुटे. अर्ध्या तासाचं द्वंद्व यात बसतच नाही.

पंधरा सेकंदांचा माल कुठे जाऊन पडणार, हे जमिनीवर ठरत असे. मशिनगन पंखांत एकमेकींपासून दूर, त्यामुळे गोळ्या ठरावीक अंतरावर एकत्र याव्यात म्हणून त्या किंचित आत वळवून बसवाव्या लागत. विमानाची शेपटी घोडीवर चढवून ते उड्डाणातल्या पातळीत आणायचं, समोर खुणांचा फळा उभा करायचा, एकेका नळीतून डोकावून तिची खूण जुळवायची आणि मग बोल्ट आवळायचे. सुरुवातीचा हुकूम ४०० यार्डांचा होता, आणि तोही गोळ्या मुद्दाम पसरून पडतील असा. नेम जरा चुकला तरी काहीतरी लागेल, हा त्यामागचा हिशेब. लागायचंही, पण तुरळक, आणि .३०३ च्या तुरळक गोळ्यांनी हाइन्केलसारखा जर्मन बॉम्बर पडत नाही, भोकं घेऊन घरी जातो. अनुभवी वैमानिकांनी हे अंतर २५० यार्डांवर, म्हणजे सुमारे २३० मीटरवर आणून घेतलं.

नेम धरायच्या साइटचीही एक गंमत होती. काचेवर प्रकाशाचं वर्तुळ आणि मधोमध फट असलेली आडवी रेघ दिसे. साइटला दोन फिरत्या कड्या. एका कडीवर शत्रूच्या पंखांची रुंदी लावायची, दुसरीवर अंतर. शत्रूचे पंख फटीत बरोबर बसले की तो ठरलेल्या अंतरावर आला. आता गफलत बघा. मेसरश्मिट १०९ ची रुंदी दहा मीटरला थोडी कमीच, हाइन्केल १११ ची साडेबावीसच्या पुढे. साइट मेसरश्मिटसाठी २५० यार्डांवर लावलेला आहे आणि समोर हाइन्केल आला, तर तो साडेपाचशे यार्डांच्याही पलीकडे असतानाच फट भरतो. नवखा वैमानिक तिथूनच बटण दाबतो आणि पंधरांतले पाच सेकंद हवेत उधळतो. मुरलेले लोक कड्यांच्या फारसे नादी लागत नसत. समोरचं विमान काचेत मावेनासं होईपर्यंत ते जवळ जात. डी वाइल्ड नावाची आगलावी गोळी लागल्या जागी चमकते, म्हणून तिला फार मागणी होती. नेम लागला की नाही, हे तिच्यामुळे कळे. काही जण पट्ट्याच्या शेवटी पंचवीसेक ट्रेसर, म्हणजे उडताना चमकणाऱ्या गोळ्या, भरून घेत. रेषा चमकू लागल्या की माल संपत आला.

जमिनीवरच्या माणसांचं लेखात नावही नाही. मशिनगनच्या तोंडांवर दमट हवा शिरून वर थंडीत त्या गोठू नयेत म्हणून कापडाच्या लाल पट्ट्या चिकटवत. पहिल्या गोळीबरोबर पट्टी फाटे, आणि मग उघड्या भोकांतून वारा शीळ घाली. परत येणाऱ्या विमानाच्या आवाजावरूनच खालच्या आर्मररना, म्हणजे गोळ्या भरणाऱ्यांना, कळे की गोळ्या झाडून आलंय, पेट्या घेऊन धावा. हरिकेनच्या चार-चार मशिनगन एकाच ठिकाणी, एकाच मोठ्या झाकणाखाली होत्या. स्पिटफायरच्या पंखभर विखुरलेल्या. त्यामुळे हरिकेन पुन्हा सज्ज करायला बराच कमी वेळ लागे. त्या उन्हाळ्यात ब्रिटनकडे हरिकेन जास्त होती, आणि जर्मनांची जास्त विमानंही हरिकेननीच पाडली. कीर्ती मात्र स्पिटफायरला गेली. दिसायला देखणी, दुसरं काय!

रेशमी रुमाल शोभेचा नव्हता. लढाऊ विमानात मान सतत फिरती ठेवावी लागते: डावीकडे, उजवीकडे, वर सूर्याकडे, आरशात, पुन्हा डावीकडे. तासाभरात गणवेशाच्या कडक कॉलरने मान सोलवटून निघे. हल्ला बहुधा मागून आणि सूर्याच्या बाजूने येई, आणि पडलेल्यांपैकी अनेकांना आपल्याला कुणी पाडलं हे दिसलंसुद्धा नाही. त्यात ब्रिटिशांची रचना आणखी घातक होती. तीन-तीन विमानं बाणाच्या टोकासारखी, एकमेकांना खेटून. दोन बाजूच्या वैमानिकांची नजर पुढाऱ्याच्या पंखावर खिळलेली, कारण जरा दुर्लक्ष झालं तर टक्कर. म्हणजे तिघांत आकाश बघणारा एकच. शेवटी एखादं विमान मागे नागमोडी फिरत पहारा करी. पहिला बळी बहुधा त्याचाच जाई. जर्मन स्पेनमधल्या युद्धात शिकून आले होते. ते दोन-दोनच्या जोड्यांनी, अंतर ठेवून, एकमेकांची पाठ राखत उडत. ७४ स्क्वॉड्रनचे (स्क्वॉड्रन म्हणजे विमानांची तुकडी) ‘सेलर’ मलान यांच्यासारख्यांनी १९४० मध्येच तिनाची रचना मोडून चारांची धरली. सगळीकडे ती रुजायला १९४१ उजाडलं. पाठ्यपुस्तकातले डावपेच बदलायला एवढी माणसं का जावी लागली, याचं समाधानकारक उत्तर आम्हाला तरी कुठे मिळालेलं नाही.

आता इंजिन. स्पिटफायर-हरिकेनमधल्या मर्लिन इंजिनाला लेखात ‘जगातलं सर्वोत्तम’ म्हणून मोकळे झालात. इंजिन उत्तमच होतं, १०३० अश्वशक्तीचं, पण त्याचा कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, फ्लोटचा होता: छोट्या चेंबरमध्ये तरंगणारा फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. विमानाचं नाक झटकन खाली दाबलं की वैमानिक जसा पट्ट्यात वर उचलला जातो, तसं फ्लोट चेंबरमधलं पेट्रोलही वर जाऊन चिकटतं. पेट्रोल ओढणारी जेटची भोकं खाली, पेट्रोल वर. इंजिन क्षणभर उपाशी राहून अडखळतं. नाक तसंच दाबून ठेवलं तर दुसरी अडचण. फ्लोट उलटा वागतो, सुईची झडप उघडीच राहते, पंप पूर्ण दाबाने पेट्रोल लोटतो आणि इंजिन आता जास्त पेट्रोलने गुदमरतं. एक्झॉस्टमधून काळ्या धुराचा लोट निघतो. मेसरश्मिटच्या डाइमलर-बेंझ इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाई. त्याला हा त्रास नव्हता, आणि जर्मन वैमानिकांना ते पक्कं ठाऊक होतं. शेपटीला ब्रिटिश विमान लागलं की ते दांडी पुढे ढकलून सरळ खाली सूर मारत.

यावर १९४० मधला तोडगा वैमानिकाच्या हातात होता. विमान आधी अर्धी कोलांटी घेऊन उलटं करायचं आणि मग दांडी मागे ओढून सूर मारायचा, म्हणजे पेट्रोल चेंबरच्या तळाशीच राहतं. पण यात एक-दोन सेकंद जात, तेवढ्यात १०९ निसटे. खरा इलाज फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या बिआट्रिस शिलिंग या अभियंता बाईंनी काढला. पेट्रोलच्या वाटेत नेमक्या मापाचं भोक असलेली पितळी चकती बसवायची. इंजिनाला पूर्ण ताकदीला जेवढं लागतं तेवढंच पेट्रोल त्या भोकातून जातं, त्यामुळे चेंबर तुंबत नाही. विमान कारखान्यात न नेता, तळावरच ती बसवता येई. पण हे १९४१ च्या सुरुवातीला. १९४० चा उन्हाळा चकतीशिवायच गेला.

त्या उन्हाळ्यात वेळेवर आलेल्या गोष्टी दोन. एक, १०० ऑक्टेन पेट्रोल. त्यामुळे सुपरचार्जरचा, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दाब सव्वासहा पौंडांवरून बारा पौंडांपर्यंत नेता येई, पण पाच मिनिटांपुरताच. त्याहून जास्त ताणलं तर बेअरिंगं जायची भीती. असा दाब वापरला तर उतरल्यावर ते सांगायचं, वहीत नोंद करायची आणि फिटरने तेल-गाळण्या तपासायच्या, ही शिस्त होती. दुसरी, स्थिर वेगाचा प्रोपेलर. आधीच्या प्रोपेलरच्या पात्यांना दोनच कोन होते, एक उड्डाणाचा आणि एक प्रवासाचा. चढताना इंजिनाची ताकद वाया जाई. डी हॅविलँडच्या मिस्त्र्यांनी जून ते ऑगस्ट १९४० मध्ये तळोतळी फिरून हजाराहून जास्त विमानांचे प्रोपेलर बदलले. त्यांच्यासाठी कुणी पुतळा उभारल्याचं ऐकिवात नाही.

चढण्याचा वेग का महत्त्वाचा, हे भूगोल सांगतो. कॅले ते डोव्हर अंतर जेमतेम ३३ किलोमीटर, जर्मन विमानाला सहा मिनिटांचं. स्पिटफायरच्या अख्ख्या स्क्वॉड्रनला २०,००० फूट गाठायला पंधरा मिनिटांच्या वर लागत. किनाऱ्यावरच्या रडारचे ३५० फुटी पोलादी मनोरे फ्रान्सवर जमणाऱ्या टोळ्या आधीच पाहत, म्हणून निदान निघता येई. तरी पुष्कळदा वैमानिक चढत असतानाच गाठले जात. वेग कमी, नाक वर, सूर्य शत्रूच्या पाठीशी. काही स्क्वॉड्रन-प्रमुख जमिनीवरच्या नियंत्रकाने रेडिओवर दिलेल्या दिशेला पाठ फिरवून आधी आत, जमिनीकडे चढत आणि उंची मिळाल्यावर वळत. नियंत्रकाला हे आवडत नसे. पण त्यामुळे माणसं वाचत.

रेडिओचंही दुखणंच होतं. बहुतेक विमानांत जुना टीआर ९डी संच होता. खरखर फार, पल्ला कमी. शिवाय आपली विमानं कुठे आहेत हे खालच्यांना कळावं म्हणून त्यात ‘पिप-स्क्वीक’ नावाची योजना होती: मिनिटातले १४ सेकंद संच आपोआप सूर सोडायचा आणि जमिनीवरची केंद्रं त्याची दिशा धरायची. तेवढा वेळ त्या विमानाशी बोलणं बंद. हे यंत्र चालू करायला विसरलेल्या वैमानिकाला नियंत्रक विचारी, तुझा कोंबडा आरवतोय का? हसू येतं, पण ज्या चौदा सेकंदांत कुणाला ‘मागे बघ’ म्हणून ओरडायचं असेल, त्यात तोच कोंबडा आरवत असला तर? नवे व्हीएचएफ रेडिओ संच आले आणि आवाज स्वच्छ झाला, पण ते सगळ्यांपर्यंत पोहोचायला बराच वेळ लागला.

लेखात भाजलेल्या वैमानिकांवर एक वाक्य आहे. आमच्या मते पान तिथे खर्च व्हायला हवं होतं.

हरिकेनमध्ये पेट्रोलच्या तीन टाक्या. दोन पंखांच्या बुडाशी, प्रत्येकी ३३ गॅलनांच्या. तिसरी, राखीव, २८ गॅलनांची, म्हणजे सव्वाशे लिटरहून जास्त, वैमानिकाच्या गुडघ्यांपुढे, मीटरांच्या फळीच्या मागे. पंखांतल्या टाक्यांना लिनाटेक्स या रबराचं आवरण होतं. गोळी आरपार गेली तर पेट्रोल लागून रबर फुगतं आणि भोक बुजतं. राखीव टाकीला मात्र सुरुवातीला ते नव्हतं. समोरून इंजिनाचा आणि मागून वैमानिकाचा आडोसा आहे, तिला काय होणार, असा काहीसा विचार! शिवाय पंख आणि कॉकपिट यांच्यामध्ये आग अडवणारी धड भिंत नव्हती, त्यामुळे पंखातली आगही वाऱ्याबरोबर आत येई. स्पिटफायरच्या दोन्ही टाक्या, वरची ४८ आणि खालची ३७ गॅलनांची, वैमानिकाच्या पुढ्यातच होत्या. म्हणजे दोन्ही विमानांत माणूस पेट्रोलच्या पिंपाला पाय लावून बसलेला.

आग लागल्यावर काय करायचं, तो क्रम असा. ऑक्सिजनची नळी आणि रेडिओची वायर सोडायची. हूड, म्हणजे डोक्यावरचं काचेचं झाकण, मागे सरकवायचं. आसनाशी बांधणाऱ्या सटन पट्ट्याची पिन ओढायची. विमान उलटं करून खाली पडायचं, नाहीतर कडेवरून उडी टाकायची. विमानापासून दूर गेल्यावर पॅराशूटची कडी ओढायची. बिघडतं ते यातल्या प्रत्येक पायरीवर. जोराच्या वेगात हूड अडकतं. ते उघडलं की हवेच्या ओढीने ज्वाळा पुढून थेट तोंडावर येतात. घाईत पिन सापडत नाही. वायर सोडायची राहिली तर माणूस डोक्याने विमानाला लटकतो. आणि हे सगळं जळत्या बोटांनी, मोजक्या सेकंदांत. बारा ऑगस्ट १९४० रोजी ५६ स्क्वॉड्रनचे जेफ्री पेज यांची हरिकेन समुद्रावर पेटली. हात इतके भाजले होते की कडी ओढणं हाच एक छळ झाला. तीन सप्टेंबरला ६०३ स्क्वॉड्रनचे रिचर्ड हिलरी स्पिटफायरमध्ये तसेच भाजले. दोघांचेही हात आणि चेहरा. कारण हातमोज्यांत बटणाचा आणि कळींचा स्पर्श नीट कळत नाही म्हणून अनेक जण ते घालत नसत, आणि कडेचं नीट दिसावं म्हणून गॉगल कपाळावर सरकवून ठेवत. उघडी कातडी नेमकी तेवढीच. डॉक्टरांनी ‘वैमानिकाचा भाजा’ म्हणून हा प्रकार वेगळा ओळखला.

त्या काळचा नेहमीचा उपचार म्हणजे टॅनिक ॲसिड. त्याने जखमेवर कातड्यासारखा कडक पापुद्रा धरतो. पोटावर, पाठीवर ठीक. बोटांवर तो आवळत जातो आणि बोटं तळहातात वाकून राहतात. पापण्यांवर धरला तर डोळा मिटत नाही आणि बुबुळ सुकून जातं. ईस्ट ग्रिनस्टेडच्या क्वीन व्हिक्टोरिया रुग्णालयातले न्यूझीलंडचे सर्जन आर्चिबाल्ड मॅकिंडो यांच्या लक्षात आलं की, समुद्रात पडून निघालेल्यांच्या जखमा तुलनेने बऱ्या असतात. त्यांनी कोमट मिठाच्या पाण्याचे टब आणि व्हॅसलीनची जाळी सुरू केली, आणि टॅनिक ॲसिड बंद व्हावं म्हणून वरिष्ठांशी भांडण मांडलं. शस्त्रक्रियेत पहिलं काम पापण्यांचं. मग नाक, ओठ, बोटं. कातडीचा पट्टा एका टोकाला जोडलेलाच ठेवून त्याची नळी शिवायची, दुसरं टोक नव्या जागी लावायचं, रक्तपुरवठा रुजेपर्यंत काही आठवडे तसंच थांबायचं आणि मग पहिलं टोक कापायचं. खांद्यापासून नाकापर्यंत मांसाची नळी लावलेला तरुण आठवडेच्या आठवडे वॉर्डात हिंडताना डोळ्यापुढे आणा. अशा शस्त्रक्रिया एकेकाच्या वीस-तीस होत.

कपाळाची कातडी उतरवून नाक घडवायची जी पद्धत जगभर ‘भारतीय’ म्हणून ओळखली जाते, तिची युरोपला ओळख पुण्यातून झाली. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानावर १७९३ च्या सुमारास पुण्यात एका कुंभार वैद्याने ती शस्त्रक्रिया केली, १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात त्याचं चित्रासह वर्णन आलं आणि त्यावरून जोसेफ कार्पू यांनी १८१४ मध्ये ती लंडनला करून दाखवली. मराठी वाचकाला हा दुवा सांगायची संधी लेखाने घालवली, म्हणून इथे.

मॅकिंडोंच्या रुग्णांनी १९४१ मध्ये ‘गिनीपिग क्लब’ काढला. युद्ध संपेपर्यंत सभासद ६४९ झाले, त्यात पुढे बॉम्बरवाल्यांचाच भरणा जास्त. खजिनदार असा निवडला की ज्याचे पाय भाजलेत, म्हणजे पैसे घेऊन पळणार नाही. चिटणीस असा की ज्याचे हात भाजलेत, म्हणजे लांबलचक इतिवृत्त लिहिणार नाही. वॉर्डात बिअरचं पिंप असे आणि रुग्णांना आजाऱ्यांच्या निळ्या कपड्यांऐवजी गणवेश घालायची मुभा. मॅकिंडोंनी गावकऱ्यांनाही समजावलं होतं की, ही पोरं बाजारात आली तर नजर चुकवू नका आणि टक लावून बघूही नका.

फायटर कमांडमधला, म्हणजे ब्रिटनच्या लढाऊ विमानदलातला, युद्धातला एकमेव व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक) या आगीतूनच आला. २४९ स्क्वॉड्रनचे जेम्स निकोल्सन, १६ ऑगस्ट १९४०, साउदॅम्प्टनजवळ. गोळ्यांनी डोळा आणि पाय जखमी, समोरची राखीव टाकी पेटलेली. ते बाहेर पडतच होते, तोच एक मेसरश्मिट ११० पुढ्यात आलं. ते परत खाली बसले, गोळ्या झाडल्या आणि मगच उडी टाकली. खाली येताना आपल्याच होम गार्डने त्यांच्यावर बंदूक चालवली, हेही नोंदलेलं आहे. निकोल्सन पुढे भारतात आले, बर्माच्या आघाडीवर मॉस्किटो विमानांचं स्क्वॉड्रन त्यांनी चालवलं, आणि २ मे १९४५ रोजी बंगालच्या उपसागरात लिबरेटर विमान कोसळून गेले. लेखात ते ‘लढाईतच’ गेल्याचं छापलंय, तसं नाही.

पॅराशूट उघडलं म्हणजे सुटका झाली, हाही समज काढायला हवा. लढाईचा बराच भाग समुद्रावर चाले. ब्रिटिशांचं पाण्यात तरंगायचं पिवळं ‘मे वेस्ट’ जाकीट तेव्हा तोंडाने फुंकून फुगवावं लागे. ओठ भाजलेल्याने ते कसं फुगवायचं? एकट्याच्या विमानात रबरी होडी नव्हती. जर्मन वैमानिकाकडे होडी होती, पाण्यात रंग पसरवणारी पूड होती आणि उचलायला तरंगती विमानं होती. ब्रिटिशांकडे साऱ्या किनाऱ्यासाठी जेमतेम दीड डझन वेगवान बोटी. विमानासकट कोसळलेली माणसं गमावली गेली असती तर गोष्ट वेगळी. इथे सुखरूप बाहेर पडलेली माणसंच बुडाली. होड्या आणि बचावाची वेगळी यंत्रणा १९४१ मध्ये उभी राहिली.

आणि विमानासकट पाण्यावर उतरणं त्याहून वाईट. स्पिटफायरच्या पंखाखालचा रेडिएटर पाण्यात रुततो, नाक खाली जातं आणि विमान दगडासारखं बुडतं. हॉर्नचर्च तळाच्या विंगचे (अनेक स्क्वॉड्रनांच्या गटाचे) प्रमुख पॅडी फिनुकेन १५ जुलै १९४२ रोजी असेच गेले. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून जमिनीवरच्या मशिनगनची गोळी रेडिएटरला लागली. त्यातलं ग्लायकॉल, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, वाहून गेलं की मर्लिन काही मिनिटांत तापून आवळतं. उंची नव्हती, पॅराशूट उघडायला जागा नव्हती. वय २१. हॉर्नचर्चवरूनच त्या वर्षी १२२ (बॉम्बे) हे स्क्वॉड्रन उडत होतं. मुंबईच्या देणग्यांवरून नाव मिळालेली दोन स्क्वॉड्रनं होती, १२२ (बॉम्बे) आणि १३२ (सिटी ऑफ बॉम्बे). बडोद्याच्या नावाचं १२४. देणगीदारांसाठी एका स्पिटफायरची किंमत ५,००० पौंड धरली जाई. रुपयाच्या तेव्हाच्या अठरा पेन्स दराने सदुसष्ट हजार रुपयांच्या आसपास. प्रत्यक्ष भारतीय वैमानिक, चोवीस जण, १९४० च्या शरद ऋतूत तिथे पोहोचले. त्यांतले महिंदरसिंग पुजी यांनी १९४१ मध्ये केन्लीच्या तळावरून हरिकेन उडवली, पगडी न उतरवता, हेडफोन पगडीवर चढवून.

शेवटचा मुद्दा थकव्याचा. ‘रेडिनेस’ म्हणजे पाच मिनिटांत हवेत. ‘स्टँडबाय’ म्हणजे पट्टे बांधून कॉकपिटमध्येच. पहाटेपासून झोपडीत बसायचं आणि टेलिफोनकडे कान. घंटी वाजली की काहींना उलटी होई, मग तो फोन चहाच्या गाडीचा का असेना. स्पिटफायर-हरिकेनवरचं शेवटचं प्रशिक्षण ऐन गर्दीत दोन आठवड्यांवर आलं होतं. मुलगा वीस वर्षांचा, खऱ्या विमानावरचे तास दहा-वीस, साइटच्या कड्या माहीत पण सवयीच्या नाहीत. सप्टेंबरमध्ये फायटर कमांडचे प्रमुख डाउडिंग यांना स्क्वॉड्रनांची अ, ब, क अशी प्रतवारी करावी लागली: उत्तरेकडच्या ‘क’ मध्ये पाच-सहाच जुने ठेवायचे, बाकीचे दक्षिणेला पाठवायचे. विमानं कारखान्यांतून येत होती; माणसं तयार होत नव्हती. १० जुलै ते ३१ ऑक्टोबर या काळात फायटर कमांडकडून उडालेल्या सुमारे २,९०० जणांपैकी ५४४ त्या लढाईत गेले. त्यात पोलंड, न्यूझीलंड, कॅनडा, चेकोस्लोव्हाकियाचेही होते. एकट्या पोलंडचे १४५ जण उडत होते. लेखात पोलंडचा उल्लेख नाही.

जाता जाता, पान तीनवरचं मोठं छायाचित्र. त्याखाली ‘ऑगस्ट १९४०, स्पिटफायर’ असं छापलं आहे. चित्रातल्या विमानाच्या प्रोपेलरला चार पाती आहेत, नाकाच्या बाजूला सहा एक्झॉस्ट नळ्या आहेत आणि पंखांतून तोफांच्या लांब नळ्या बाहेर आल्या आहेत. १९४० च्या मार्क १ ला तीनच पाती आणि एका बाजूला तीनच नळ्या. तोफांचा प्रयोग त्या उन्हाळ्यात १९ स्क्वॉड्रनने केला खरा, पण पातळ पंखात बसवण्यासाठी तोफ आडवी करावी लागल्याने ती सतत अडके, आणि त्यांनी सप्टेंबरच्या सुरुवातीला ती विमानं देऊन मशिनगनची जुनी परत घेतली. चित्रातलं विमान मार्क ९ आहे, १९४२ च्या मध्यानंतरचं. तेवढी ओळ दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

आपले,
विमान-देखभालीतले दोन निवृत्त वाचक, नाशिक